"हो, घोरतायत": एका कॉलचं प्रकरण

हा कॉल मी आजवर अकरा वेळा ऐकलाय. अकरा मिनिटं चाळीस सेकंदांचा आहे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला त्यात खटकण्यासारखं काहीच सापडलं नव्हतं, उलट तपासणीच्या फॉर्मवर मी त्याला चांगले गुण दिले होते. दुसऱ्यांदा ऐकताना एक मिनिट एकोणीस सेकंदांवर मागून एक आवाज आला आणि मी रेकॉर्डिंग थांबवलं.

आपत्कालीन मदतीच्या कंट्रोल रूममध्ये मी रात्रीच्या शिफ्टचा प्रमुख आहे. त्याआधी आठ वर्षं स्वतः हेडसेट लावून बसत होतो. हा कॉल घेणारी सहकारी त्या वेळी नोकरीत दोन वर्षांची होती. तिला इथे नुसतं 'कॉल टेकर' म्हणतो. त्या कुटुंबाची ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण तिच्यावाचून पुढचं नीट कळणार नाही. लोकांना वाटतं, फोन उचलणारा माणूसच फोन ठेवून मग गाडी पाठवतो. बऱ्याच कंट्रोल रूममध्ये ही दोन वेगळी टेबलं असतात. कॉल टेकर बोलत असतो, टाइप करत असतो, आणि पत्ता व तक्रार स्क्रीनवर उमटली की शेजारचा डिस्पॅचर गाडी काढतो. बोलणं चालूच राहतं. पलीकडच्या माणसाला हे दिसत नाही, म्हणून जवळजवळ प्रत्येक कॉलमध्ये कधी ना कधी "प्रश्न कसले विचारत बसलात, आधी गाडी पाठवा!" हे वाक्य येतंच. त्याचं उत्तर आम्हाला पाठ असतं: "गाडी निघाली आहे. मी बोलतेय म्हणून ती थांबलेली नाही." या कॉलमध्येही ते दोनदा आलं आहे.

पहाटे पावणेपाच

"हे उठत नाहीयेत. मॅडम, हे उठतच नाहीयेत."

'हे' म्हणजे नवरा. कॉल टेकरला ते सांगावं लागलं नाही. (आमच्याकडे एका नव्या मुलाने "हे जिन्यात पडलेत" यावर "काय पडलंय?" असं विचारलं होतं, आणि पलीकडच्या आजींनी तसल्या अवस्थेतही त्याला झापलं होतं.) तिने लगेच पत्ता विचारला. बाईंनी एका दमात सांगितला: इमारत, मजला, रस्ता, जवळची खूण. इतका सफाईदार पत्ता घाबरलेल्या माणसाकडून फार क्वचित मिळतो. स्क्रीनवर मोबाइलच्या लोकेशनचं वर्तुळ मात्र त्या पत्त्यापासून बरंच लांब होतं.

हे वर्तुळ म्हणजे काय, तर फोन अमुक जागेच्या आसपास आहे असा अंदाज. नुसत्या टॉवरवरून काढलं तर ते इतकं मोठं येतं की त्यात अख्खी वस्ती मावते. फोनने स्वतःचं जीपीएस किंवा वायफायवरून काढलेलं ठिकाण पाठवलं तर ते काही मीटरांवर येतं. या वेळी वर्तुळ लहान होतं, म्हणजे भरवशाचं. आमच्याकडे कोणता प्रश्न कधी आणि कोणत्या शब्दांत विचारायचा ते छापील कार्डावर ठरलेलं असतं. त्या कार्डाप्रमाणे जायचं तर आता तिने "कृपया घटनास्थळाचा पत्ता पुन्हा सांगा" म्हणायला हवं होतं, आणि बाईंनी तोच पत्ता तितक्याच सफाईने परत सांगितला असता. ती म्हणाली:

"ताई, आत्ता तुम्ही ज्या घरात उभ्या आहात, ते हेच घर ना?"

दोन सेकंद काहीच नाही. मग, "नाही नाही, ते जुनं घर. इथे आम्ही गेल्या महिन्यात आलो."

नवा पत्ता बाईंना धड आठवेना. मागून मुलीने ओरडून सांगितला. एक्केचाळिसाव्या सेकंदाला पत्ता पक्का झाला, अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला गाडी निघाली. घाबरलेला माणूस वर्षानुवर्षं तोंडात बसलेला पत्ता सांगतो, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. हा प्रश्न तिने जागेवर, स्वतःच्या भाषेत तयार केला. तो नसता तर गाडी भलत्याच दारापाशी जाऊन उभी राहिली असती. पुढे जे झालं त्याच्याशी या प्रश्नाचा संबंध आहे, म्हणून एवढं लांबण लावलं.

कार्डावरचा प्रश्न

नंतर शुद्धीचा प्रश्न. "हाक मारल्यावर ओ देतात का?" "नाही हो. हलवलं, तोंडावर पाणी मारलं, काहीच नाही."

आणि सत्तावन्नाव्या सेकंदाला:

"त्यांचा श्वासोच्छ्वास सामान्य आहे का?"

"हो. घोरतायत."

रेकॉर्डिंग लक्ष देऊन ऐकलं तर तिचा सूर इथे बदललेला कळतो. आतापर्यंत ती बोलत होती, हे वाक्य ती वाचते. 'श्वासोच्छ्वास सामान्य' असे शब्द कोणाच्या तोंडून सहज निघतच नाहीत. बाईंच्या कानात त्यातला 'श्वास' तेवढा गेला असणार. श्वास आहे का? आहे की, आवाज येतोय. रोज रात्री येतो तसाच. त्यांनी खरं तेच सांगितलं.

बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, असं उत्तर मिळालं की कार्ड दुसऱ्या फांदीवर, म्हणजे प्रश्नांच्या आणि सूचनांच्या वेगळ्या वाटेवर, जातं. तीही चुकीची फांदी नाही; झटका येऊन गेलेला माणूस, साखर उतरलेला माणूस, नशेतला माणूस, सगळे तिथेच येतात. वय किती? बावन्न. मधुमेह आहे का? गोळ्या चालू आहेत. झटके येतात का? कधीच नाही. डोक्याला मार लागलाय का? नाही, झोपलेलेच होते. आता त्यांना एका कुशीवर वळवा, तोंड थोडं खाली करा, उलटी झाली तर बाहेर येऊ दे. बाईंनी मुलीच्या मदतीने वळवलं. कॉल टेकर शांत, सूचना स्पष्ट, मधे कुठे अडखळणं नाही. याच भागाला मी पूर्ण गुण दिले होते.

दोन मिनिटं सोळा सेकंदांवर मुलगी मागून म्हणते, आईला, फोनवर नव्हे: "आई, बाबा मधेच थांबतायत."

कॉल टेकरने ते ऐकलं. तेव्हा बाई बोलत होत्या, मुलीचा आवाज पंख्याच्या घरघरीत मिसळलेला होता, आणि तरीही तिने ते उचललं. या कॉलमधला सगळ्यात मोलाचा क्षण मी यालाच म्हणेन. "ताई, त्यांच्या नाकातोंडाशी कान न्या. ते श्वास घेतील तेव्हा मला 'आता' म्हणा. लगेच सुरू करा."

"आता."

मग शांतता. पंखा. मुलीचं हुंदके देणं.

"आता."

पहिला 'आता' २:२४ ला, दुसरा २:३७ ला. तेरा सेकंद. शांत झोपलेल्या मोठ्या माणसाच्या दोन श्वासांमध्ये चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त अंतर सहसा नसतं. २:३९ ला तिने तक्रारीचा कोड बदलून 'हृदय बंद' असा केला. शेजारच्या टेबलावर डिस्पॅचरच्या स्क्रीनवर ओळ लाल झाली, दुसरी गाडीही त्याच पत्त्यावर निघाली.

घोरणं वाटतं ते

हृदय अचानक बंद पडलं की माणूस त्याच क्षणी निपचित होतो, असा सर्वसाधारण समज आहे. बऱ्याचदा तसं होत नाही. रक्तप्रवाह थांबला तरी मेंदूच्या बुडाचा, मेरुरज्जूला लागून असलेला भाग काही काळ आपलं काम रेटत राहतो आणि त्यातून अधूनमधून एखादा खोल, घरघरता, ओढून घेतल्यासारखा श्वास निघतो. फुप्फुसात थोडी हवा जाते, पण रक्त फिरत नसल्याने शरीराला तिचा उपयोग नाही. अमेरिकेतल्या किंग काउंटीत, म्हणजे सिएटल शहराच्या परिसरात, झालेल्या आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदय बंद पडलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के जणांमध्ये असे श्वास आढळले होते. म्हणजे ही काही अपवादाची गोष्ट नाही. आणि ज्यांच्यात ते दिसतात त्यांची वाचण्याची शक्यता अधिक असते, कारण हृदय नुकतंच थांबलेलं असतं. जिथे सर्वात जास्त आशा, नेमका तिथेच फोनवरचा माणूस "श्वास आहे" म्हणतो.

घड्याळ कसं चालतं तेही पाहा. छाती दाबणं सुरू झालं नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने कंट्रोल रूमसाठी दोन मुदती ठरवून दिल्यात: कॉल आल्यापासून ९० सेकंदांच्या आत हृदय बंद पडल्याचं ओळखायचं, १५० सेकंदांच्या आत छातीवर पहिला दाब पडायला हवा. आमच्या कॉलमध्ये ओळखायला १५९ सेकंद लागले. सत्तावन्नाव्या सेकंदाच्या प्रश्नाला खरी माहिती मिळाली असती तर ते ६५ व्या सेकंदाच्या आसपास झालं असतं. पत्त्याचा घोळ झाला होता तरीसुद्धा. मधले ९४ सेकंद त्या एका वाक्याने खाल्ले.

आणि ते वाक्य मी मंजूर केलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी कार्डांची मराठी आवृत्ती तयार झाली तेव्हा तपासणाऱ्या चौघांत मी होतो. मुळातला इंग्रजी प्रश्न साधा आहे. त्याचा मराठी अवतार आम्ही शब्दकोश उघडून केला. अर्थ बरोबर आहे का एवढंच आम्ही पाहिलं. मोठ्याने म्हणून पाहिलं नाही.

चादरीसकट ओढा

छाती दाबायची तर माणूस टणक जागी हवा. गादीवर दाबलं तर गादीच दबते. बावन्न वर्षांचा जड माणूस, पलंगावर, आणि खोलीत दोघी मायलेकी. बाई म्हणाल्या, "मला नाही उचलता येणार." कॉल टेकर म्हणाली, "उचलू नका. खालच्या चादरीची दोन्ही टोकं डोक्याच्या बाजूने धरा आणि चादरीसकट ओढा. डोकं मुलीला धरायला सांगा. धपकन आले तरी चालेल." कोड बदलल्यापासून छातीवर पहिला दाब पडेपर्यंत एकोणसाठ सेकंद गेले. याहून लवकर कसं करता आलं असतं ते मला माहीत नाही. आठ वर्षांत मी स्वतः कधी याहून लवकर करून घेऊ शकलो नव्हतो.

जमिनीवर आल्यावर बाई थांबल्या. "मला भीती वाटते. मी त्यांना काही केलं तर?" हा फार जुना अडथळा आहे. यावर समजावत बसलं की संपलं. प्रत्येक समजावणीतून नवा प्रश्न निघतो. आम्ही एकच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच सुरात पुन्हा पुन्हा म्हणतो. आवाज चढवायचा नाही, शब्द बदलायचे नाहीत. "ताई, मी सांगते तसं करा म्हणजे आपण त्यांना मदत करू." तिने हे तीनदा म्हटलं. तिसऱ्या वेळी बाईंनी "हं" केलं.

"छातीच्या मधोमध तळहात ठेवा. त्यावर दुसरा हात. कोपरं सरळ. दोन इंच आत जाईल इतकं जोरात दाबा आणि पूर्ण वर येऊ द्या. माझ्याबरोबर मोजा."

३:३८. पहिला दाब.

मिनिटाला १०० ते १२० दाब हवेत. इथे मराठीची एक गंमत आहे, जी मला हेडसेटवर असताना फार उशिरा लक्षात आली. तीसपर्यंत मोजायला सांगितलं की 'एक, दोन, तीन' छान ठेक्यात जातं, पण 'सतरा, अठरा, एकोणीस' आले की जीभ रेंगाळते आणि जिभेमागे हात. 'एकोणतीस' तर त्या वेगात बसतच नाही. त्यामुळे आम्ही चारपर्यंतच मोजून घेतो: एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार. रेकॉर्डिंगमध्ये चार मिनिटांच्या पुढे दोघी बायकांचा आवाज एकाच लयीत ऐकू येतो.

४:१० च्या सुमारास बाई ओरडल्या, "काहीतरी कडकन वाजलं!" "वाजू दे. चालू ठेवा." बरगडी गेली असणार. ती नंतर जुळते.

मुलीला दार उघडून, जिन्याचा दिवा लावून शेजाऱ्यांना उठवायला पाठवलं. ५:५० ला एक काका आले आणि त्यांनी हात बदलले. दोन मिनिटांत कोणीही थकतो, आणि थकलेल्याला आपला दाब उथळ झालाय हे स्वतःला कळत नाही. गाडी ९:२० ला इमारतीखाली आली. नोंदीत 'पोचली' ही वेळ तीच धरली जाते. माणसापर्यंत पथक पोचलं ११:०५ ला, कारण मधे तीन मजले होते. (नोंदवहीतला प्रतिसादाचा वेळ आणि जिन्यातला वेळ यांच्यातल्या या फरकाबद्दल एक वेगळंच प्रकरण लिहिता येईल.) फोन जमिनीवर पडलेला होता, चालूच. त्यावर हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचा, डिफिब्रिलेटरचा, यांत्रिक आवाज आणि कोणाचं तरी "सगळे बाजूला व्हा" ऐकू येतं. ११:४० ला कॉल टेकरने लाइन सोडली.

पन्नास सेकंदांनी तिने पुढचा कॉल घेतला. पोटदुखीचा होता. मी तेव्हा पलीकडच्या टेबलावर एका अपघाताच्या तीन गाड्यांमध्ये अडकलो होतो. तिला दहा मिनिटं उठवायला हवं होतं, ते मी केलं नाही. शिफ्ट संपल्यावर तिने विचारलं, "सर, काही कळलं का?" पथकाने कळवलं होतं: दोन शॉक दिल्यावर नाडी आली, रुग्णालयात पोचवलं तेव्हा नाडी टिकून होती. त्यापुढचं आमच्यापर्यंत येत नाही. या कामात कथेचा शेवटचा भाग कायम दुसऱ्याच्या हाती असतो. याची सवय होते असं काही जण म्हणतात. मला झालेली नाही.

पूर्ण गुण

आता तपासणीच्या फॉर्मबद्दल. त्यावर एक रकाना होता: 'श्वासाचा प्रश्न शब्दशः विचारला का?' मी 'होय' लिहिलं होतं. पाचपैकी पाच. पुढचा रकाना: 'उत्तरानुसार योग्य फांदी निवडली का?' पुन्हा पाच. पत्त्याच्या प्रश्नापाशी मात्र, 'कार्डावरील वाक्यरचना पाळली नाही' म्हणून एक गुण कापला होता. मीच. फॉर्मवर माझं अक्षर आहे. जिथे तिने गाडी वाचवली तिथे कमी, आणि जिथे दीड मिनिट गेलं तिथे पूर्ण.

फॉर्म दाखवला तेव्हा ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "कार्डावर होतं तेच विचारलं ना मी?" हो. तेच विचारलं होतं.

पुढच्या बैठकीत लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, कार्डं बाजूला ठेवा, अनुभवी माणसाला त्याच्या पद्धतीने विचारू द्या. दुसरा तट कार्डांच्या बाजूचा. हा वाद आमच्या बैठकीपेक्षा फार जुना आहे. लंडनमध्ये ३० जून १९३७ ला ९९९ हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक सुरू झाला, त्यामागे १९३५ च्या नोव्हेंबरात विम्पोल स्ट्रीटवर लागलेली आग होती. पाच बायका गेल्या, आणि शेजाऱ्याचा फोन एक्स्चेंजच्या रांगेत अडकून पडला होता. त्या काळात फोनवरच्या माणसाचं काम जोडून देण्यापुरतंच होतं. १९६८ मध्ये अमेरिकेत, अलाबामातल्या हेलीव्हिल गावात ९११ वर पहिला कॉल झाला तेव्हाही चित्र फारसं वेगळं नव्हतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सॉल्ट लेक सिटीत जेफ क्लॉसन या डॉक्टरांनी कॉल घेणाऱ्यांसाठी प्रश्नांची आणि सूचनांची कार्डं तयार केली, तिथून फोन घेणारा माणूस हाच पहिला मदतनीस ठरायला लागला. उलट किंग काउंटीने निकष ठरवून दिले आणि प्रश्न कसे विचारायचे ते बरंचसं कॉल घेणाऱ्यावर सोडलं. दोन्ही पद्धतींनी माणसं वाचतात.

माझं मत कार्डाच्या बाजूने आहे, आणि या प्रकरणानंतरही ते बदललेलं नाही. पहाटे पावणेपाचला, सलग चाळिसाव्या कॉलला, डोकं दमलेलं असतं. क्रम ठरलेला असला की दमलेलं डोकंही एखादी पायरी गाळत नाही. क्रम पक्का हवा. शब्द मात्र विचारणाऱ्याच्या तोंडचे आणि ऐकणाऱ्याच्या कानातले हवेत.

मग आम्ही जुनी रेकॉर्डिंग काढून बसलो, फक्त लोक श्वासाबद्दल काय म्हणतात ते ऐकायला. घोरतायत. घरघर लागलीय. आचके देतायत. उसासे टाकतायत. उचकीसारखं करतायत. मासा तोंड उघडतो तसं. थांबून थांबून घेतायत. एवढी संपत्ती लोकांच्या तोंडात पडलेली, आणि आम्ही 'सामान्य' या एका शब्दावर त्यांना हो-नाही करायला लावत होतो.

यादी वाचून आमच्या एक ज्येष्ठ सहकारी म्हणाल्या, "अरे, याला मराठीत शब्द आहे. ऊर्ध्व लागणं."

खोलीत सगळे गप्प झाले. शब्द प्रत्येकाला माहीत होता. घरातल्या मोठ्यांच्या तोंडून प्रत्येकाने ऐकलेला. पण त्या शब्दातच सगळं आटोपल्याचं गृहीत आहे: ऊर्ध्व लागला म्हणजे आता नातेवाइकांना कळवा, जवळ बसा. जुन्या लोकांचं निरीक्षण अचूक होतं. तेव्हा त्यापुढे करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून शब्दाला तोच अर्थ चिकटला. आज फोनवर कोणी "ऊर्ध्व लागलाय" म्हणालं तर तो संपल्याची बातमी देत असतो, आणि आम्हाला त्यातून 'सुरू करा' ऐकायचं असतं. तो शब्द आम्ही प्रश्नात घातला नाही. उत्तरात आला तर काय करायचं ते मात्र कार्डावर लिहिलं. त्यालाही एक पोटप्रश्न जोडावा लागला: "खूप दिवसांचं आजारपण आहे का? डॉक्टरांनी काही सांगून ठेवलंय का?" कारण काही घरांत तो शब्द अगदी त्याच्या जुन्या, खऱ्या अर्थाने येतो. महिनोन्‌महिने झिजलेला माणूस, सगळ्यांनी मनाची तयारी केलेली, आणि फोन करणाऱ्याला छाती दाबायची नसते. सोबत हवी असते. अशा घरात एक-दोन-तीन-चार सुरू करून देणं क्रूरपणाच आहे. यावर आमचं अजून पूर्ण एकमत नाही.

नवा प्रश्न असा ठरला: "श्वास कसा चाललाय, मला सांगा." हो-नाहीची सोयच ठेवली नाही. यादीतला कोणताही शब्द आला, किंवा नुसती चाचरल्यासारखी शंका आली, तरी श्वास नाही असं धरायचं आणि हात छातीवर न्यायला सांगायचं. शंका असेल तर 'आता' म्हणवून घ्यायचं, पण फार वेळ नाही. दोन 'आता' पुरे. चुकून हृदय चालू असलेल्या माणसाची छाती दाबली गेली तर? तो कण्हतो, हात झटकतो, आणि आपण थांबतो. गंभीर इजा क्वचित होते. उलट बाजूच्या चुकीची किंमत काय असते ते वर आलंच आहे.

पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांनी ऐकवलं, "कसा चाललाय म्हणजे? मी काय डॉक्टर आहे?" त्यामुळे खाली दुसरी ओळ आली: "नेहमीसारखा चाललाय, की आवाज करत, थांबून थांबून?" यावर एकाने हरकत घेतली की हे उत्तर तोंडात घालणं झालं. आहेच. सध्या ती ओळ कार्डावर पेन्सिलीने लिहिलेली आहे. फॉर्मवरचा 'शब्दशः विचारला का' हा रकाना गेला. तिथे आता 'श्वास कसा आहे ते किती सेकंदांत कळलं' असा रकाना आहे.

कॉल टेकरने मागच्या महिन्यात स्वतःहून ते रेकॉर्डिंग मागितलं. मी शेजारी बसलो. १:१९ ला तो आवाज आला. तिने मागे नेऊन पुन्हा ऐकला, मग तिसऱ्यांदा. हेडसेट काढून म्हणाली, "सर, मला हे अजूनही घोरणंच वाटतं."

मलाही वाटतं. अकरा वेळा ऐकून, सगळं माहीत असून.

तिने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं, रेकॉर्डिंग सोडलं. कुशीवर वळवा, तोंड खाली करा, असं तिचाच आवाज सांगत होता. मागे पंखा. १:३३ ला दुसरा आवाज आला आणि तिने बोट दाबलं.

"चौदा," ती म्हणाली.